हद्दीबाहेरच्या मुली

सारसबागेत शिरताना कुणी आधार कार्ड मागत नाही. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस तुम्ही धनकवडीचे की चिंचवडचे, असं विचारत नाही. निगडीच्या भक्ती-शक्तीला पुण्याकडची माणसं पोराबाळांना घेऊन जातात, तिथंही कुणी हटकत नाही. बागेपुरतं पुणे आणि पिंपरी-चिंचवड एकच गाव आहे. पण पोहण्याचा तलाव, बॅडमिंटनचा हॉल किंवा सवलतीच्या दरातलं मैदान म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'राहता कुठं?' आणि मग मुळा नदी आडवी येते.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचे. निवृत्त झाल्यावर घराजवळच्या महापालिकेच्या मैदानावर संध्याकाळी मुलींना खो-खो शिकवायला लागले. दापोडी, बोपोडी, सांगवी, औंध या पट्ट्यात राहणाऱ्यांना इथली भानगड ठाऊक आहे. नदीच्या एका काठाला पुणे महापालिका, दुसऱ्या काठाला पिंपरी-चिंचवड, आणि बोपोडीला चिकटून खडकी कॅन्टोन्मेंट. पूल चालत ओलांडला की कचऱ्याच्या गाडीवरचं गाणंसुद्धा बदलतं. माझं मैदान कुठल्या काठाला आहे, हे मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी अडवलं ते नियमानं अडवत होते, आणि ज्यांनी मदत केली त्यांनी जरा कडेला जाऊन केली. दोघांचीही पंचाईत नको. म्हणून इथून पुढं 'आमची' महापालिका आणि 'पलीकडची' महापालिका, एवढंच.

सगळं सुरळीत होतं ते जानेवारी २०२५ पर्यंत. त्या महिन्यात दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियंका इंगळेच्या भारतीय महिला संघानं अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि मोबाइलवर त्या सामन्याचे तुकडे फिरायला लागले. मी इतकी वर्षं खो-खो शिकवते; मुलींना मैदानावर आणायला आयांच्या विनवण्या कराव्या लागायच्या. आता आयाच मुलींना हाताला धरून आणायला लागल्या. त्यात पलीकडच्या काठावरच्या पुष्कळ. त्यांच्या बाजूला मैदान नाही असं नाही, पण जवळच्या मैदानावर क्रिकेटवाल्यांचा कब्जा. आठ पोरं एक टेनिस बॉल घेऊन अख्खं मैदान कसं व्यापतात, हा एक स्वतंत्र विषय आहे. खो-खोला २७ बाय १६ मीटरची जागा पुरते, तीही त्यांना सोडवत नाही.

मैदानाच्या फाटकाशी सुरक्षारक्षक मामा बसतात. त्यांच्याकडं एक लांबट रजिस्टर. निळ्या शाईनं आखलेले रकाने: अनुक्रमांक, नाव, वेळ, सही, आणि शेवटचा रकाना 'रहिवासी / बाहेरील'. कित्येक वर्षं मामा त्या रकान्यात वरच्या ओळीत 'र' लिहून खाली नुसत्या टिंबांची माळ ओढत. मग क्रीडा विभागात एक नवे साहेब आले आणि त्यांनी रजिस्टर उघडलं.

साहेबांचं म्हणणं असं: स्थानिक मंडळांना मैदान नाममात्र दरात मिळतं ते स्थानिक खेळाडूंसाठी. यादीसोबत पत्त्याचे पुरावे हवेत. बाहेरचे खेळाडू असतील तर पूर्ण दर. पूर्ण दर म्हणजे अकादमीवाले भरतात तो. माझ्या वर्गाला फी नाही; चुन्याची फक्की आणि खांबांचा रंग यांचा खर्च मी आणि दोन पालक मिळून करतो. पूर्ण दर भरायचा तर आयांकडून पैसे घ्यावे लागणार, आणि पैसे घेतले की निम्म्या मुली घरी. कुठल्या निम्म्या, तेही मला ठाऊक होतं. ज्यांच्या आया धुण्याभांड्याला जातात त्या.

मी अर्ज केला. भरपूर लांब. मुलींचं आरोग्य, खेळाडू वृत्ती, खो-खोचे नियम १९१४ साली याच शहरात डेक्कन जिमखान्यानं बांधले, सगळं लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं: हद्दीबाहेरील खेळाडूंना सवलत अनुज्ञेय नाही, सबब आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे. मग पलीकडच्या महापालिकेत गेले. मुली तुमच्या आहेत, म्हटलं, काही करा. तिथल्या बाईंनी चहा पाजला, आस्थेनं ऐकलं आणि म्हणाल्या, "मॅडम, मुली आमच्या, पण मैदान आमचं नाही. दुसऱ्याच्या मैदानाचा दर आम्ही कसा ठरवणार?" दोन्ही कार्यालयं आपापल्या जागी बरोबर होती, आणि मुली मधल्या पुलावर.

आमच्या सोसायटीत एक काका राहतात. एका नगरपालिकेत कार्यालय अधीक्षक म्हणून त्यांची नोकरी झाली. त्यांना माझा अर्ज दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, "बाई, यात भावना फार आहेत. भावनेवर शेरा मारता येत नाही." त्यांचं सांगणं असं की अर्ज साहेब वाचत नाही, क्लार्क वाचतो. क्लार्कला त्यावर टिपणी लिहून वर पाठवायची असते. टिपणीत जी वाक्यं लागणार तीच अर्जात तयार मिळाली, तर तो ती उचलतो. नाही मिळाली तर सगळ्यात सोपं वाक्य उचलतो, आणि सगळ्यात सोपं वाक्य म्हणजे 'अनुज्ञेय नाही'. विषय, संदर्भ, वस्तुस्थिती, तरतूद, आर्थिक भार, अपेक्षित आदेश. एवढ्या सहा गोष्टी आणि एक पान.

'तरतूद' शोधायला आम्ही महापालिका अधिनियम उघडला. मला वाटलं होतं, दोन महापालिकांनी मिळून काही करावं असं १९४९ च्या कायद्याला सुचलं नसेल. तसं नव्हतं. शेजारच्या स्थानिक संस्थेबरोबर समान हिताच्या कामासाठी संयुक्त समिती नेमता येते, हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे. महापालिकेचा पैसा शहराच्या हद्दीतच खर्च व्हायला हवा, हेही आहे. पण एकूण नगरसेवकांपैकी निम्म्यांनी ठराव केला तर हद्दीबाहेरही खर्च करता येतो. बागा, उद्यानं, मैदानं या सोयी पुरवणं हे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत घातलेलं शहरी संस्थांचं काम. म्हणजे दार होतं. पण त्या दाराची किल्ली नगरसेवकांकडं, आणि नगरसेवकच नव्हते. मार्च २०२२ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली, तेव्हापासून दोन्हीकडं प्रशासक. समिती नेमायची तर कुणाची?

काकांना मात्र यात संधी दिसली. प्रशासक म्हणजे सर्वसाधारण सभाही तोच आणि स्थायी समितीही तोच. दीडशे डोक्यांऐवजी एक सही. मला हा युक्तिवाद आवडला नाही, अजूनही आवडत नाही. वॉर्डातला माणूस निवडून आलेला असता तर त्याच्या दारात मी मुलींना घेऊन बसले असते आणि त्यानं फोन फिरवला असता. प्रशासकाच्या दारात बसून काही होत नाही, तिथं फाइल बसवावी लागते. तरी काकांचं म्हणणं व्यवहाराचं होतं आणि मी ते मानलं.

त्यांची दुसरी अट अशी की करार मागायचा नाही. करार म्हटला की विधी विभाग, विधी विभाग म्हटला की वकिलाचा अभिप्राय, आणि अभिप्राय येईपर्यंत मुलींची लग्नं. त्याऐवजी दोन्ही विभागप्रमुखांनी आपापल्या अखत्यारीत आपापलं पत्र काढायचं. आमच्यांनी म्हणायचं, पलीकडच्या मुलींना या मैदानावर स्थानिक दर. पलीकडच्यांनी म्हणायचं, अलीकडच्या मुलींना आमच्या अमुक सोयीत स्थानिक दर. पैसा कुणी कुणाला द्यायचा नाही. आर्थिक भार: निरंक.

पण 'अमुक सोय' कुठली? घेवाणीच्या बदल्यात द्यायला काहीतरी हवं. ते सापडलं तलावात. पलीकडं महापालिकेचा जलतरण तलाव आहे आणि आठवड्यातल्या काही दुपारी त्यातली महिलांची बॅच निम्मी रिकामी असते. हे मला कुठल्या अहवालातून कळलं नाही. माझ्या एका खेळाडूची आत्या तिथं जीवरक्षक आहे, तिनं सांगितलं. आमच्या काठावर तलाव लांब पडतो. उन्हाळ्यात आमच्या बाजूच्या मुलींना पोहायला शिकायचं होतं आणि तिथं पत्त्यावरून अडत होतं. म्हणजे हुबेहूब आमचीच अडचण, उलट्या दिशेनं. मी दोन अर्ज एकाच मजकुराचे केले, फक्त 'आमच्या' आणि 'पलीकडच्या' यांची अदलाबदल. प्रत्येकाला दुसऱ्याची प्रत जोडली. काकांनी टाचणी लावू दिली नाही, टॅग ओवून फाइल करायला लावली. टाचणीचे कागद सुटतात, म्हणाले, आणि सुटलेला कागद म्हणजे नसलेला कागद. आवक क्रमांकाचा शिक्का दोन्ही प्रतींवर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही, हे मात्र मला आधीपासून ठाऊक होतं.

लोकशाही दिनाचाही प्रयोग केला. महिन्याच्या पहिल्या सोमवारी आयुक्तांसमोर गाऱ्हाणं मांडता येतं, पण त्यासाठी विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी अर्ज लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते. मुलींच्या संघाची तक्रार वैयक्तिक कशी होणार? मग एका मुलीच्या वडिलांच्या नावानं अर्ज केला. ते रिक्षा चालवतात. सोमवारचा सकाळचा धंदा बुडवून ते आले आणि तीनच वाक्यं बोलले: "माझी मुलगी पुलापलीकडं खेळते. तिथं ती बाहेरची. मी रोज दोन्हीकडं रिक्षा चालवतो, मला कुणी बाहेरचा म्हणत नाही." त्यानंतर फाइल क्रीडा विभागातून लेखा विभागात गेली, हा त्या तीन वाक्यांचा परिणाम असं मी मानते. काका मानत नाहीत.

खरी गाठ लेखा विभागात होती. तिथले अधिकारी हुशार आणि स्वभावानं सरळ. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "मॅडम, सवलत म्हणजे उत्पन्नात घट. बाहेरच्यांसाठी घट का सोसली, हे उद्या लेखापरीक्षणात विचारतील. आक्षेप निघाला की तो माझ्या सहीवर निघतो, खो-खोवर निघत नाही." मी पीएमपीचं उदाहरण दिलं. २००७ साली पीएमटी आणि पीसीएमटी या दोन वेगळ्या बससेवा एकत्र झाल्या, आता संचलनातल्या तुटीचा ६० टक्के भार पुणे महापालिका उचलते आणि ४० टक्के पिंपरी-चिंचवड. निगडीहून बसलेल्या माणसाला स्वारगेटला उतरताना कुणी पत्ता विचारत नाही. आग लागली तर एका हद्दीतला बंब दुसऱ्या हद्दीत जातो. मुळेच्या काठसुधारणेचं कामही दोन्ही महापालिकांनी आपापल्या काठावर घेतलं आहे. मग मैदानाचंच काय एवढं?

ते हसले. "बसच्या मागं कंपनी आहे, भागभांडवल आहे, सरकारची मान्यता आहे. तुमच्या मागं काय आहे?"

मागं काही नव्हतं. पण त्यांच्या पहिल्या वाक्यात उत्तर होतं आणि ते काकांनी पकडलं. घट दाखवायची तर आधी उत्पन्न दाखवावं लागेल. संध्याकाळी पाच ते सात या वेळेत त्या मैदानाचा कोपरा आमच्याशिवाय कुणी कधी आरक्षित केला आहे का? माहिती अधिकारात विचारलं. उत्तर आलं, नाही. पलीकडच्या तलावाच्या रिकाम्या बॅचबद्दलही विचारलं, तिथूनही रिकाम्या जागांचा तक्ता आला. ज्या वेळेला उत्पन्नच नाही त्या वेळेत घट कशी होणार? हे वाक्य अर्जाला पुरवणी म्हणून जोडलं. लेखाधिकाऱ्यांनी ते जसंच्या तसं टिपणीत घेतलं. सरकारी कागदात स्वतःचं वाक्य शाईनं अधोरेखित झालेलं पाहण्यात काय सुख असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर संयुक्त पाहणी ठरली. हा सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत आवडलेला भाग. दोन्ही महापालिकांचे लोक एकाच वेळी मैदानावर: आमच्याकडून क्रीडा विभागाचे साहेब, स्थापत्यचे कनिष्ठ अभियंता आणि उद्यान विभागाचे मिस्त्री, पलीकडून चहा पाजणाऱ्या बाई आणि त्यांचे एक तरुण अभियंता. दोन जिपा फाटकाशी शेजारी उभ्या राहिल्या. मामांनी रजिस्टरात दोन्ही गाड्यांची नोंद केली आणि पलीकडच्या गाडीपुढं मन लावून 'बाहेरील' लिहिलं.

अभियंत्यांनी विकास आराखड्याचे नकाशे आणले होते. जिपेच्या बॉनेटवर पसरले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कडांना मुलींचे बूट ठेवले. आमच्या नकाशात नदी, नदीच्या अलीकडं आमच्या गल्ल्या, मैदानाचं हिरवं आरक्षण, शाळा, दवाखाना. नदीपलीकडं कोरा पांढरा कागद. पलीकडच्या नकाशात उलट: त्यांच्या गल्ल्या, त्यांचा तलाव, आणि आम्ही जिथं उभे होतो तिथं काहीच नाही. दोन्ही कागद शेजारी लावले तर नदी दोनदा आली. तरुण अभियंत्यानं एक कागद दुमडून नदीवर नदी ठेवली, तेव्हा कुठं पूल सरळ झाला. एक मुलगी वाकून बघत होती. तिनं पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाई, एवढंसंच तर आहे!" अभियंते काही बोलले नाहीत, पण नकाशाची घडी तशीच ठेवली.

आम्ही स्वच्छतागृह मागितलं होतं. मैदानावर ते नाही आणि मुलींचे खेळ बंद पडायला तेवढं एक कारण पुरतं. मुली दुपारपासून पाणी पीत नाहीत, हे मी साहेबांना तोंडावर सांगितलं. त्यांनी खाली बघितलं. पण इथं नियम खरोखरच आड येत होता. मैदान पूररेषेत आहे. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधल्या पट्ट्यात पक्कं बांधकाम चालत नाही. मैदान, बाग अशी मोकळी जागा चालते. नदीकाठी मैदानं का असतात आणि त्यांवर काहीच का नसतं, याचं हे एक साधं उत्तर. मुळशी आणि पवनेतून पाणी सोडलं की आमचे खांब उपटून ठेवावे लागतात, ते उगीच नाही. मग पलीकडच्या बाईंनीच सुचवलं, "फिरतं शौचालय ठेवा ना, चाकावरचं. पावसाळ्यात उचलून नेता येईल. आमच्याकडं एक पडून आहे." पडून असलेली वस्तू दुसऱ्या महापालिकेला वापरायला देणं हा दोन्ही पत्रांच्या बाहेरचा तिसराच विषय निघाला. पण सगळ्यांनी मान डोलावली आणि इतिवृत्तात तो आला.

पाहणी संपताना साहेब म्हणाले, "जरा खेळून दाखवा." आम्ही फक्की मारलेलीच होती. नऊ मुली धावल्या. त्यातल्या एकीनं खांबाशी असा सूर मारला की स्थापत्यचे अभियंता दचकून दोन पावलं मागं सरले. पलीकडच्या बाईंनी विचारलं, ही कुणाकडची? कुणालाच लगेच सांगता आलं नाही.

खडकीच्या तीन-चार मुलींचं वेगळंच त्रांगडं होतं. कॅन्टोन्मेंट म्हणजे तिसरा कायदा, २००६ चा कॅन्टोन्मेंट अधिनियम, आणि तोही केंद्राचा. बोर्डाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी संरक्षण संपदा सेवेतला. कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग महापालिकेत घेण्याची चर्चा चालू आहे, त्यामुळं जो भेटेल तो म्हणे, थोडं थांबा, तुम्ही इकडंच येणार आहात. मुली थांबेपर्यंत मोठ्या होतात. आम्ही त्यांच्यापुरता शाळेचा रस्ता काढला. त्या शिकतात त्या शाळा आमच्या हद्दीत आहेत. म्हणून सवलतीच्या अटीत 'रहिवासी' एवढंच न ठेवता 'रहिवासी अथवा हद्दीतील शाळेत शिकणारी' असं घालून घेतलं आणि बोनाफाईड जोडलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणात कामाची हीच ओळ. कुणी असलं काही करणार असेल तर समित्या आणि करारांच्या आधी ही ओळ मागावी. मूल जिथं झोपतं तो पत्ता झाला, पण दिवसभर ते असतं कुठं?

शेवटी दोन पत्रं निघाली. प्रत्येकाची मुदत ११ महिने, भाडेकरारासारखी. आमच्या पत्रात मुलींचं वय १८ पर्यंत. पलीकडच्या पत्रात १६ पर्यंत, कारण तलावाची बॅच त्या वयाची. परिणामी माझी सतरा वर्षांची कर्णधार पलीकडं राहून अलीकडं खेळू शकते, आणि तिची अलीकडची जोडीदारीण त्याच वयाची असून पलीकडं पोहू शकत नाही. हे मी दोन्ही साहेबांना दाखवलं. दोघंही म्हणाले, नूतनीकरणाच्या वेळी बघू. एका पत्रात 'परस्पर तत्त्वावर' आहे, दुसऱ्यात ते टायपिस्टनं गाळलं. लेखाधिकाऱ्यांनी पेनानं घातलं आणि शेजारी छोटी सही केली.

मामांच्या रजिस्टरातला रकाना तसाच आहे. छापील आहे, तो पुढच्या छपाईला बदलेल. मामा आता त्यात शाळेचं नाव लिहितात. जागा पुरत नाही म्हणून आडवं लिहितात.

१५ जानेवारी २०२६ ला दोन्ही महापालिकांचं मतदान झालं आणि चार वर्षांनी नगरसेवक आले. प्रचारात दोन उमेदवार मैदानावर येऊन मुलींबरोबर फोटो काढून गेले. एकाच्या फ्लेक्सवर तर खो-खोचं मैदान 'मंजूर करून आणल्याबद्दल' अभिनंदनही झळकलं. माझी हरकत नाही. श्रेय घेतलेल्या माणसाकडं पुढच्या कामासाठी जाता येतं. संयुक्त समितीची तरतूद आता नुसती कागदावर राहायचं कारण नाही, कारण समितीवर बसायला माणसं आहेत. दोन्ही काठांच्या नगरसेवकांना एकच अर्ज दिला आहे: नूतनीकरण, वयाची अट सारखी करणे, आणि संध्याकाळी सातनंतरचे दिवे. दिव्यांना कुणाचा विरोध नाही. प्रश्न मीटर कुणाच्या नावावर, एवढाच आहे.

फिरतं शौचालय मात्र आलं. पलीकडच्यांनी दिलं, आमच्यांनी उभं करायला जागा दिली, पाण्याची टाकी एका पालकानं बसवली. मुली आता बाटल्या भरून आणतात. मैला उपसायचा टँकर कुणी पाठवायचा हे इतिवृत्तात लिहायचं राहिलं होतं, त्यामुळं सध्या मी आळीपाळीनं दोन्हीकडं फोन करते. या खेपेला पलीकडच्यांची पाळी आहे. त्यांचा टँकर मंगळवारी येणार म्हणालेत.